लॅपटॉपवर लाल पडदा आणि फोनवर ‘इंजिनियर’: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

यावेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्याहून जास्त एकाच गोष्टीबद्दल आहेत. कोणीतरी फोनवर आपण कंपनीचा इंजिनियर आहे म्हणून सांगतो, कॉम्प्युटर नाहीतर मोबाईल ‘दुरुस्त’ करून देतो म्हणतो, आणि शेवटी बँकेतले पैसे जातात. म्हणून हे अख्खं सदर त्यालाच दिलंय. नावं कोणाचीच दिलेली नाहीत, गावं तेवढी ठेवलीत, लांब पत्रं थोडक्यात घेतलीत. आणि एक आधीच सांगते, ज्यांचे पैसे आत्ता, आज, काल गेलेत त्यांनी हे वाचत बसू नका, आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाईनला, फोन लावा, वाचायचं नंतर बघू.

प्रश्न (फोंडा): मी निवृत्त शिक्षिका आहे. चवथीसाठी लॅपटॉपवर आरत्या शोधत होते तर एकदम सगळा स्क्रीन लाल झाला, भोंगा वाजायला लागला, ‘कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, बंद करू नका, या नंबरवर फोन करा’ असं आलं. माऊस पण दिसेना. घाबरून मी फोन केला. पलीकडचा माणूस हिंदीत फार अदबीनं बोलला, त्यानं एक अॅप घालायला लावलं, काळ्या खिडकीत काहीतरी टाईप करून दाखवलं, लाल फुल्यांची लांबच लांब यादी दाखवली आणि पाच वर्षांच्या सिक्युरिटीचे १४,९९९ रुपये सांगितले. तेवढ्यात शेजारचा मुलगा आला त्यानं वायफायचा प्लगच काढला. पैसे गेले नाहीत, पण आता लॅपटॉप उघडायलाच भीती वाटते. खरंच व्हायरस होता का?

उत्तर: बाई, त्या मुलाला माझ्याकडून शाबासकी द्या, त्या घडीला त्यानं केलं त्याच्यापेक्षा चांगलं काही करण्यासारखंच नव्हतं.

तुम्ही बघितलात तो लाल पडदा म्हणजे नुसतं एक वेबपेज. कुठल्यातरी साईटवरच्या खराब जाहिरातीतून ते उघडतं, पूर्ण स्क्रीन व्यापतं, माऊसचा बाण लपवतं आणि आवाजाची फाईल वाजवत ठेवतं. ते आलं म्हणजे लॅपटॉपमध्ये व्हायरस शिरला असं अजिबात नाही. मायक्रोसॉफ्टनं स्वतः जाहीर करून ठेवलंय की त्यांच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो, आणि आपण विचारलं नसताना ते कोणाला फोन करत नाहीत. हे एवढं लक्षात राहिलं तरी पुरे, स्क्रीनवर इशारा आणि त्याच्यात फोन नंबर असं दिसलं की ते खोटं, पुढचं काही वाचायची पण गरज नाही.

परत कधी आलं तर एस्केपचं बटण काही सेकंद दाबून धरा, फुल स्क्रीन बहुतेक वेळा त्यानं सुटतो, मग खिडकी बंद करा. नाही सुटला तर कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट एकत्र दाबायचं, टास्क मॅनेजर उघडायचा, त्यात तुमचा ब्राउजर निवडून एंड टास्क. हेही जमेना तर पॉवरचं बटण दाबून धरून लॅपटॉप सरळ बंद करा, ‘बंद करू नका’ असं स्क्रीनवर लिहिलंय म्हणून घाबरायचं काही कारण नाही. नंतर ब्राउजर उघडल्यावर ‘आधीची पानं परत उघडू का’ विचारलं तर नको म्हणा, नाहीतर तेच पान परत येईल.

आता त्यानं तुम्हाला काय दाखवलं ते सांगते, कारण इथेच शिकलेसवरलेले लोक पण फसतात, डोळ्यांनी बघितलं ना म्हणतात. लाल फुल्यांची यादी म्हणजे विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर. कॉम्प्युटरमध्ये बारीकसारीक काही अडलं, एखादा प्रोग्राम उशिरा चालू झाला, प्रिंटर सापडला नाही, नेट क्षणभर गेलं, की तिथे नोंद पडते, काही नोंदींपुढे लाल फुली, काहींपुढे पिवळा त्रिकोण. कालच दुकानातून आणलेला कोरा लॅपटॉप उघडून बघा, त्यातही दिसतील. काळ्या खिडकीत ते बहुतेक ‘असॉक’ नावाची कमांड टाईप करतात, तिच्या यादीत शेवटाकडे ‘८८८डीसीए’ असा सुरू होणारा एक लांबलचक नंबर येतो आणि मग म्हणतात, हा तुमच्या कॉम्प्युटरचा युनिक लायसन्स नंबर, बघा आमच्याकडच्या कागदावर पण हाच आहे, म्हणजे आम्ही खरे कंपनीचे. तो नंबर जगातल्या सगळ्या विंडोज कॉम्प्युटरवर तोच असतो! तुमच्याकडे, माझ्याकडे, पंचायतीत, बँकेत, सगळीकडे. काहीजण ‘नेटस्टॅट’ चालवतात, त्यात ‘फॉरेन अॅड्रेस’ असा रकाना असतो, आणि सांगतात की परदेशातले हॅकर तुमच्या लॅपटॉपमध्ये बसलेत. त्या रकान्याचा परदेशाशी काही संबंध नाही, तुमचा लॅपटॉप नेटवरच्या ज्या ज्या मशीनशी बोलतोय त्यांचे ते पत्ते. त्यानं दाखवलेलं सगळं विंडोजमध्ये असतंच, खोटा होता तो त्याचा अर्थ.

तर व्हायरस होता का, तेव्हा बहुतेक नव्हता. पण त्या माणसाच्या हातात तुमचा लॅपटॉप थोडा वेळ होता हे खरं आहे, त्यामुळे आता साफसफाई करायला हवी. नेट बंद ठेवूनच लॅपटॉप उघडा, सेटिंगमध्ये अॅप्सची यादी तारखेप्रमाणे लावा, त्या दिवशी जे जे आलंय ते काढून टाका, एनीडेस्क, टीमव्ह्यूअर, अल्ट्राव्ह्यूअर असं लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचं काही दिसेल, कधीकधी दोन-दोन घालून ठेवतात म्हणजे एक काढलं तरी दुसरं राहतं. मग मोबाईलवरून, लॅपटॉपवरून नव्हे, आधी ईमेलचा पासवर्ड बदला, कारण ईमेल हातात असलं की बाकी सगळे पासवर्ड बदलता येतात, त्यानंतर बँकेचा. ब्राउजरमध्ये पासवर्ड सेव्ह करून ठेवलेले असतील तर तेही गेलेच असं धरून बदला. मग विंडोजमध्येच असलेल्या सिक्युरिटीचा फुल स्कॅन आणि त्याच्यानंतर ऑफलाईन स्कॅन. ब्राउजरच्या सेटिंगमध्ये नोटिफिकेशनची परवानगी कोणकोणत्या साईटला दिलीय तेही बघा, अनोळखी नाव दिसलं की काढा, कोपऱ्यात सारखे व्हायरसचे इशारे येतात ते पुष्कळदा तिथूनच. एवढं करून पण मन मानत नसेल तर फोटो आणि कागदपत्रं पेनड्राईव्हवर घ्या आणि ओळखीच्या माणसाकडून विंडोज नव्यानं घालून घ्या, मी तर तेच सुचवेन, पुढे तुम्ही निर्धास्त वापराल तरी.

पैसे गेले नाहीत तरी त्या फोन नंबरची तक्रार ‘संचार साथी’ या सरकारी साईटवर ‘चक्षू’ म्हणून सोय आहे तिथे करा. मार्च २०२४ पासून दूरसंचार खात्यानं ती सुरू केलीय, फसवायचा प्रयत्न झाला पण पैसे गेले नाहीत अशाच तक्रारींसाठी ती आहे.

प्रश्न (डिचोली): माझ्या मेव्हण्याचं दुकान आहे. प्रिंटर चालेना म्हणून त्यानं गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधून फोन केला. त्यांनी मोबाईलवर अॅप घालायला लावलं, आकडे विचारले, ‘रजिस्ट्रेशनचा एक रुपया’ भरायला सांगितला, आणि मग दोन वेळा मिळून ६४,००० गेले. चार दिवस त्यानं घरात कोणाला सांगितलंच नाही, बहिणीला पासबुकवरून कळलं. आता काही होईल का? तो म्हणतो माझीच चूक, जाऊ दे.

उत्तर: जाऊ देऊ नका. आणि दादा, आधी मेव्हण्याला सांगा की असं होणारा तो एकटा नाही. माझ्याकडे अशा केसेस घेऊन येणाऱ्यांत बँकेतून रिटायर झालेले आहेत, कॉलेजात शिकवणारे आहेत. समोरचा रोज दिवसभर हेच काम करतो, आपल्यावर ती वेळ पहिल्यांदाच आलेली असते. मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं ते या लाजेचं, कारण लाजेपायी जे तास जातात त्याच तासांत पैसे हाताबाहेर जातात.

ते कसे जातात बघा. एका खात्यात पडलेले पैसे लगेच दुसऱ्या-तिसऱ्या खात्यांत तुकडे करून पाठवले जातात, ती खाती भाड्यानं घेतलेली, कोणा गरजू माणसाच्या नावावरची, आणि तिथून एटीएममधून काढले जातात. १९३० वर तक्रार गेली की ती माहिती संबंधित बँकांकडे जाते आणि पैसे ज्या खात्यात अजून पडून असतील तिथेच ते अडवता येतात. पहिल्या तासाला केलं तर जास्त सापडतात, चौथ्या दिवशी कमी, पण चौथ्या दिवशी पण एखाद्या खात्यात काहीतरी अडकलेलं असू शकतं. म्हणून आजच करा. फोन करताना खात्याचा नंबर, प्रत्येक व्यवहाराची तारीख, वेळ, रक्कम आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक समोर घेऊन बसा, हे सगळं विचारतात. मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या सरकारी साईटवर तक्रार पूर्ण भरा, स्क्रीनशॉट जोडा. मेसेज, कॉल लॉग, त्या अॅपचं नाव यातलं काही डिलीट करू नका, रागाच्या भरात लोक सगळं पुसून टाकतात. लागलं तर रायबंदरला सायबर क्राइम पोलीस स्टेशन आहे, तिथे जाता येतं, आपल्या जवळच्या पोलीस स्टेशनवर पण तक्रार देता येते.

बँकेत लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या, तारीख आणि शिक्क्यासकट, तोंडी सांगून येऊ नका. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं सर्क्युलर आहे. चूक ना बँकेची ना ग्राहकाची अशी असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकावर काही बोजा नाही. ग्राहकानं स्वतःच पिन किंवा ओटीपी दिला असेल तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. मेव्हण्याची चूक आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही बँकेवर आहे, त्यानं आधीच मान खाली घालून ‘माझीच चूक’ असं अर्जात लिहून देऊ नये. काय झालं ते सरळ, खरं, क्रमानं लिहावं, एवढंच. तीस दिवसांत उत्तर नाही आलं किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही.

पैसे कुठे अडवले गेले असतील तर परत मिळायला पुष्कळदा कोर्टाचा आदेश लागतो, वेळ जातो, तक्रारीचा नंबर जपून ठेवा आणि विचारत रहा. आणि आता एक अगदी महत्त्वाचं. थोड्याच दिवसांत त्याला फोन येण्याची शक्यता आहे, आम्ही सायबर सेलमधून बोलतो, तुमचे पैसे सापडलेत, सोडवायला अमुक फी भरा. एकदा फसलेल्यांचे नंबर हे लोक एकमेकांना विकतात. पोलीस, बँक, लोकपाल, यातलं कोणीच पैसे परत द्यायला पैसे मागत नाही.

प्रश्न (म्हापसा): मग कस्टमर केअरचा खरा नंबर शोधायचा तरी कसा?

उत्तर: गुगलच्या सर्चमध्ये किंवा मॅपवर दिसणारा नंबर कोणीही चढवू शकतो, तो उचलू नका. बँकेचा नंबर एटीएम कार्डाच्या मागे असतो, फ्रिज-वॉशिंग मशीनचा वॉरंटी कार्डावर किंवा मशीनवरच्या स्टिकरवर, प्रिंटरचा डब्यावर. अॅप असेल तर अॅपच्या आतल्या हेल्पमधून. आणि खरा कस्टमर केअरवाला तुमच्या मोबाईलचा स्क्रीन बघायला मागत नाही, पिन तर नाहीच नाही. पैसे घ्यायचे असतील, रिफंड यायचा असेल, तर यूपीआय पिन टाकावाच लागत नाही, पिन टाकला म्हणजे पैसे आपल्याकडून गेले.

प्रश्न (काणकोण): मी बोटीवर नोकरीला आहे, वर्षातले आठ-नऊ महिने बाहेर. घरी आई-बाबा दोघंच. बाबांना मोबाईलवरून बिलं भरायची आवड आहे. त्यांना ‘अनोळखी नंबर उचलू नका’ असं सांगितलं तर ते म्हणतात मग तुझा फोन कसा उचलायचा, तू दर बंदरातून वेगळ्या नंबरवरून करतोस. मी काय सांगू?

उत्तर: तुमचे बाबा बरोबर बोलतायत. गोव्यातल्या कितीतरी घरांत हेच आहे, मुलगा बोटीवर, मुलगी दुबईला, भाचा इंग्लंडात, आणि फोन नेहमी कुठल्यातरी अनोळखीच नंबरवरून येतो. त्यामुळे ‘अनोळखी उचलू नका’ हा सल्ला आपल्याकडे चालत नाही. त्याच्याऐवजी असं ठरवा की फोन कोणाचाही उचलायचा, बोलायचं, पण फोनवर सांगितलेली कुठलीच गोष्ट त्याच वेळी करायची नाही. अॅप घालायचं नाही, लिंक उघडायची नाही, आकडे वाचून दाखवायचे नाहीत. ‘मुलाला विचारून सांगतो’ म्हणायचं आणि ठेवून द्यायचा. खरा बँकवाला असेल तर तो म्हणेल बरं, उद्या ब्रँचमध्ये या. खोटा असेल तर तो ठेवू देत नाही, खातं बंद होईल, लाईट कापतील, आत्ताच्या आत्ता करा म्हणतो. घाई करणारा माणूस दिसला की ओळखायचं, यापेक्षा सोपी खूण मला तरी माहीत नाही.

हे सगळं बाबांच्या लक्षात राहणार नाही असं समजून एक कागद करा, मोठ्या अक्षरांत, आणि जिथे ते फोन चार्जिंगला लावतात तिथेच भिंतीला चिकटवा. वर ‘कोणीही अॅप घालायला सांगितलं तर फोन ठेवा’, त्याच्या खाली १९३०, त्याच्या खाली बँकेच्या ब्रँचचा नंबर आणि शेवटी वाड्यावरच्या एका माणसाचा, जो पाच मिनिटांत घरी येऊ शकेल. त्या माणसाला आधी विचारून ठेवा, रात्री फोन आला तरी चालेल ना म्हणून. तुमच्या बोटीवर नेट नसतं तेव्हा हाच माणूस उपयोगी पडणार.

सुट्टीवर आलात की बसून दोन-चार गोष्टी करा. तुम्ही पाठवता ते मोठे पैसे ज्या खात्यात पडतात ते यूपीआयला जोडू नका, बिलांसाठी वेगळं खातं ठेवा ज्यात दहा-पंधरा हजार असतील. यूपीआयची रोजची मर्यादा कमी करून घ्या. मोबाईलवर प्लेस्टोअरबाहेरची अॅप घालायची परवानगी सगळीकडून बंद करा. घरात लॅपटॉप असेल तर बाबांचं अकाउंट साधं ठेवा, अॅडमिनचा पासवर्ड तुमच्याकडे, म्हणजे नवीन काही घालायचं तर सहसा तुम्हालाच विचारावं लागेल.

आणि शेवटी ज्याच्यासाठी मी हे पत्र मुद्दाम निवडलं ते. काही झालंच तर त्यांना ओरडू नका. ‘इतक्यांदा सांगितलं होतं’ हे वाक्य तुमच्या तोंडून एकदा गेलं की पुढच्या वेळी बाबा तुम्हाला सांगणारच नाहीत, आणि डिचोलीच्या पत्रात आहे तसे चार दिवस निघून जातील. आत्ताच, काही झालेलं नसताना, त्यांना सांगून ठेवा की पैसे गेले तरी मी रागावणार नाही, फक्त लगेच सांगा.

प्रश्न (मडगाव): मला असे फोन आले की मी मुद्दाम तासभर गुंतवून ठेवतो, म्हातारा आहे असं भासवून, चुकीचे ओटीपी देऊन. तेवढा वेळ ते दुसऱ्याला फसवत नाहीत ना. हे बरोबर आहे की नाही?

उत्तर: तुमचा हेतू चांगला आहे, पण मी नको म्हणेन. तुमचा नंबर त्यांच्याकडे आहे, कदाचित नाव-पत्ताही. चिडले की दिवसरात्र फोन करून हैराण करतात, घरच्यांना धमक्या देतात, तुमचाच नंबर दिसेल अशा तऱ्हेनं दुसऱ्यांना फोन लावतात आणि मग लोक तुम्हाला शिव्या घालायला फोन करतात. त्यांना स्वतःच्या कॉम्प्युटरवर घेऊन गंमत बघणं तर अजिबातच करू नका, एका क्लिकचा खेळ असतो तो. आणि जाणारा वेळ त्यांच्यापेक्षा तुमचाच जास्त मोलाचा आहे, त्यांच्याकडे शेजारच्या खुर्चीवर दुसरा माणूस फोन लावतच असतो. फोन ठेवा, नंबर ‘चक्षू’ वर टाका आणि त्याच दिवशी आपल्या सोसायटीतल्या दोन म्हाताऱ्या माणसांना सांगा की आज असा फोन आला होता, तो काय म्हणत होता. या उपायाची माझी खात्री आहे, कारण गोष्ट आधी ऐकलेली असली की माणूस फोनवर ती ओळखतो.

प्रश्न (पर्वरी): माझा मुलगा बारावी झालाय, इंग्रजी चांगलं आहे. त्याला एका कॉल सेंटरमध्ये नोकरी मिळतेय, संध्याकाळी सात ते पहाटे चार, अमेरिकेतल्या लोकांना ‘टेक सपोर्ट’ द्यायचा, महिना ३५,००० रोख. जागा एका बंगल्यात आहे, बाहेर बोर्ड नाही. त्याला इंग्रजी नाव घ्यायला सांगितलंय. मला धाकधूक वाटते, तो म्हणतो आई तू उगीच घाबरतेस.

उत्तर: ताई, तुमची धाकधूक खरी आहे, त्याला पाठवू नका.

रात्रपाळीची सगळी कामं खोटी असतात असं नाही हं, खऱ्या कंपन्या पण अमेरिकेच्या वेळेप्रमाणे रात्री चालतात आणि तिथे गोव्यातली मुलं-मुली चांगली कामं करतायत. खऱ्या ठिकाणी काय असतं, अपॉइंटमेंट लेटर असतं, पगार बँकेत येतो, पीएफ कापतात, कंपनीचं नाव कॉर्पोरेट मंत्रालयाच्या साईटवर सापडतं, आणि कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूचा सपोर्ट ते स्पष्ट सांगतात. तुम्ही लिहिलंत त्यात यातलं एकही नाही. रोख पगार, बंगला, बोर्ड नाही, नाव बदला. मुलाला अजून दोन गोष्टी विचारायला सांगा, आत जाताना मोबाईल काढून घेतात का, आणि अमेरिकेतली माणसं पैसे कशानं देतात. गिफ्ट कार्ड असं उत्तर आलं तर प्रश्नच मिटला, कुठलीही खरी कंपनी दुरुस्तीचे पैसे गिफ्ट कार्डाचे नंबर वाचून घेत नाही.

वरच्या फोंड्याच्या बाईंना जो लाल पडदा दिसला तोच पडदा अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांना दिसतो आणि फोन येतो तो अशा बंगल्यात. मुलाच्या हातात छापलेला कागद देतील, काय बोलायचं, इव्हेंट व्ह्यूअर कसा दाखवायचा, माणूस रडायला लागला तर काय म्हणायचं, सगळं लिहिलेलं. तो ज्याच्याशी बोलेल तो कोणाचातरी आजोबा असेल, एकटा राहणारा.

कायद्याचं पण सांगते. कॉम्प्युटर किंवा फोन वापरून दुसऱ्याच नावानं फसवणूक केली तर आयटी कायद्याचं ६६डी कलम लागतं, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड, वर फसवणुकीची आणि कटाची कलमं वेगळी. ऑक्टोबर २०१६ मध्ये मीरा रोडला ठाणे पोलिसांनी धाड घातली, तिथे अमेरिकेचे टॅक्स अधिकारी म्हणून फोन केले जायचे, तेव्हा शेकडो कर्मचाऱ्यांना ताब्यात घेतलं होतं, त्यात तरुण मुलंच भरलेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये सीबीआयनं ‘ऑपरेशन चक्र-२’ मध्ये देशभर ७६ ठिकाणी झडत्या घेतल्या, त्यातली दोन प्रकरणं अॅमेझॉन आणि मायक्रोसॉफ्टच्या तक्रारींवरून, त्यांच्या नावानं खोटा टेक सपोर्ट देणाऱ्या कॉल सेंटरांची. गोव्यातही भाड्याच्या जागेत चाललेली अशी सेंटरं पोलिसांनी पकडलीत, पेपरात वाचलं असेल. धाड पडली की खुर्चीत सापडतो तो हेडफोन घातलेला मुलगा. मालक त्या बंगल्यात फिरकलेला पण नसतो. मग पासपोर्टला अडचण, पोलीस व्हेरिफिकेशनला अडचण, आणि आपल्याकडे बोटीवर नाहीतर परदेशी जायचं स्वप्न तर घराघरात असतं.

मुलाला हे माझ्या नावानं वाचून दाखवा. ३५,००० आत्ता मिळणार नाहीत, पण तो जे इंग्रजी बोलतो त्याला हॉटेलात, विमानतळावर, खऱ्या बीपीओत मागणी आहे. त्याला अजून काही विचारायचं असेल तर या सदराला त्यानं स्वतः लिहावं, मी नक्की उत्तर देईन. आणि तो आधीच दोन-चार दिवस जाऊन आला असेल तर ते पण लपवू नका, बंद करायचं आणि वकिलाचा सल्ला घेऊन पोलिसांना माहिती द्यायची.

प्रश्न (साखळी): माझी मावशी इंग्लंडात स्विंडनला असते. तिला सारखे फोन येतात, तुमचं इंटरनेट आज कापणार, आम्ही टेक्निकल डिपार्टमेंट. १९३० तिथून चालतो का?

उत्तर: १९३० आपल्याकडच्यासाठी. इंग्लंडात १५९ हा नंबर आहे, तो फिरवला की तिकडच्या बहुतेक बँकांच्या खऱ्या लाईनला जोडून देतात, बँकेच्या किंवा पैशाच्या बाबतीत संशय आला की फोन ठेवून तोच लावायचा. फसवे एसएमएस ७७२६ वर पुढे पाठवता येतात. बाकी नियम तिथेही हाच, कॉम्प्युटरवर काही घालायचं नाही.

प्रश्न (पेडणे): वीज बिल थकलंय, आज रात्री लाईट कापणार, असा मेसेज व्हॉट्सअपवर आला, सोबत एक फाईल होती. मी दाबली, काहीतरी इन्स्टॉल झालं, पुढे काही दिसलंच नाही. आता काय?

उत्तर: हे वाचेपर्यंत थांबला नसाल अशी आशा आहे. ती फाईल ‘एपीके’ असते, म्हणजे प्लेस्टोअरच्या बाहेरचं अॅप, आणि ते गुपचूप तुमचे एसएमएस वाचून ओटीपी पुढे पाठवतं. पुढे काही दिसलं नाही हेच त्याचं लक्षण. मोबाईल एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. सिम काढून घरातल्या दुसऱ्या साध्या फोनमध्ये घाला, म्हणजे पुढचे ओटीपी तिकडे येतील. त्या फोनवरून बँकेला फोन करून नेटबँकिंग, यूपीआय आणि कार्ड थांबवा, पैसे गेले असतील तर लगेच १९३०. मग अॅपची यादी बघून ते काढा, निघत नसेल तर फोन सेफ मोडमध्ये चालू करून काढायचा प्रयत्न करा. फोटो बाजूला घेऊन फोन फॅक्टरी रिसेट केलेला सगळ्यात बरा, आणि तो होईपर्यंत त्या फोनवर बँकेचं अॅप उघडू नका. व्हॉट्सअपवर ओळखीच्यांना कळवा की माझ्या नावानं फाईल आली तर उघडू नका, कारण तुमच्याच नंबरवरून ती पुढे गेलेली असू शकते. बिल खरंच थकलंय का हे वीज खात्याच्या ऑफिसात जाऊन किंवा मागच्या छापील बिलावरच्या नंबरवर विचारा.